वाढलेली कडी

वहिनी,

एक कडी कमी पडली. डिचोलीला, तन्वीच्या नव्या घरात, हॉलच्या मोठ्या खिडकीला तुझ्या हातच्या कड्यांवर पडदा चढवला आणि शेवटचं बटण रिकामं राहिलं. कोपरा खाली लोंबला. तुझी लेक माझ्याकडे बघते, तिची सासू माझ्याकडे बघते, आणि मी स्टुलावर उभी. हे सगळं तुझ्या एका शब्दामुळे झालं, आणि त्यावर भांडायला तू जागेवर नाहीस. म्हणून लिहायला बसले. एरवी मला लिहिण्याची हौस नाही, हे तुला माहीत आहे.

तू गेल्यावर पार्सेच्या घरी माणसं येत राहिली आणि तुझ्याबद्दल असं काही बोलत राहिली की मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी येऊन बसलोय. 'किती शांत होती.' 'कधी उलट शब्द नाही.' 'सोशिक बाई.' मी माझ्या माहेरच्या सोप्यात बसून हे ऐकत होते. सोशिक! पडद्याच्या कडीचा दोरा पांढरा असावा की मोतिया, यावर माझ्याशी अख्खी दुपार भांडलेली बाई सोशिक. माझा दादा तुझ्याशी लग्न करून आला तेव्हापासून तू माझं एकही म्हणणं वाद घातल्याशिवाय मान्य केलं नाहीस. पण मेलेल्या माणसाबद्दल खरं बोलायची पद्धत नाही, म्हणून मी सगळ्यांना हो हो म्हणत पाणी दिलं.

दादा गेल्यावर तू त्या घरात तन्वीबरोबर राहिलीस आणि मी पेडण्याहून स्कूटरने येत-जात राहिले. पडदे शिवायचं काम माझं होतंच. क्रोशाचं डोकं तुझं. मी एकदा नुसतं म्हटलं की बाजारातल्या लोखंडी कड्या गंजतात, पावसाळ्यात कापडाला तांबडे डाग पडतात. झालं. पुढच्या खेपेला आले तर तू प्लास्टिकच्या बांगड्यांवर सुती दोरा गुंडाळून, म्हणजे विणून, कड्या करून ठेवलेल्या. प्रत्येक कडीला खाली एक छोटा फास. पडद्याच्या वरच्या पट्टीला मी बटणं लावायची, त्या बटणांत तुझे फास अडकवायचे, आणि कड्या दांडीत ओवायच्या. धुवायचा झाला की बटणं सोडायची, पडदा काढायचा, कड्या वरच. कल्पना चांगली होती. मी तसं म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू तिथेच थांबली असतीस असं मला वाटत नाही.

न म्हणताही तू थांबली नाहीसच. दांडीच्या दोन्ही टोकांना तू टोप्या विणल्यास. गोंड्याच्या.

"दांडीला थंडी वाजते का गो?" मी विचारलं.

"तू डोक्याक रुमाल बांधतंस तो काय थंडीसाठी?"

"मी स्कूटर चालवते."

"मगे ती दांडी पडदो चालवता."

 मग पडदा बाजूला सारून बांधायचे पट्टे आले. त्यांच्या टोकांना काजूची बोंडं, लाल आणि पिवळी, आणि प्रत्येक बोंडाच्या बुडाशी राखाडी दोऱ्याची बी. बी वाकडीच हवी म्हणून तू उसवून उसवून केलीस. किनाऱ्यावरच्या गेस्ट हाऊसवाल्यांना ती बोंडं इतकी आवडली की ते पडद्याशिवाय नुसते पट्टे मागायला लागले. तू म्हणालीस, बघ. मी म्हटलं, पडदा नसताना काय बांधणार, हवा? तू म्हणालीस, तेंचां ते बघतीत.

पण खरं भांडण सरकण्याचं. सुताच्या कड्या दांडीवर सरकत नाहीत, वहिनी. मी हे तुझ्यासमोर शंभर वेळा बोलले, आता तुझ्या पाठीमागे एकदा बोलते. सुतावर धातू घसरत नाही, अडतो. ओढलं की चार कड्या पुढे येतात आणि चार मागे राहतात आणि पडदा तिरका होतो. मोरजीची एक बाई फोनवर माझ्यावर ओरडली. मी फोन तुझ्या हातात दिला. तू तिला शांतपणे सांगितलंस, "बाय, जनेल उघडां ठेवा. पडदो ओढूक कित्याक जाय?" खिडकी उघडीच ठेवायचा सल्ला देऊन फोन ठेवलास. मी मेणबत्ती आणून दांड्या घासायला लागले. मेण लावलं की थोडं सरकतं. तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरबरोबर मी गिऱ्हाइकाला मेणबत्तीचा एक तुकडा द्यायचे आणि तू तोंड फिरवून बसायचीस, जणू मी तुझ्या हातच्या जेवणावर मीठ टाकतेय.

एक टाका मला नावाने आठवतो. मुका खांब. क्रोशात उंच टाका असतो तो खांब, आणि अगदी बुटका असतो तो मुका खांब. कडी पूर्ण झाकायची तर मुकेच खांब घालावे लागतात, एकाला एक चिकटून, आतलं काही दिसू नये म्हणून. तू असं म्हणालीस तेव्हा मी म्हटलं, खांब मुकाच असतो, बोलका खांब कुणी बघितलाय?

"आमच्या घरात एक आसा," तू म्हणालीस. "पेडण्यासून येता, स्कूटरवर."

तर हे असं सगळं ठीक चाललं होतं. बिघडलं ते तन्वीच्या घरापासून.

तिने आणि जावयाने डिचोलीत घर घेतलं. वास्तुशांत झाली. हॉलची खिडकी रस्त्याकडे, चांगली रुंद, आणि तू तिथेच जाहीर केलंस की या खिडकीचा पडदा आईकडून. मी माप घेतलं. कापडही तूच निवडलंस, पिवळसर, मी म्हटलं मळेल. घरी परतताना बसमध्ये तू काहीच बोलली नाहीस, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दोन दिवसांनी मी पार्सेला आले तर तू सोप्यात बसून कडी विणत होतीस आणि मांडीवर फडक्यात हिरव्या काचेच्या बांगड्या. मी लगेच ओळखल्या. दादा गेला त्या दिवशी तुझ्या हातातून निघालेल्या. त्या तू ठेवल्या आहेस हे मला माहीत होतं, कुठे ते माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं.

"वहिनी, ही काच आहे."

"माका दिसता."

"कडीत काच घालतात का? पडदा ओढला की तडकेल."

"सुतान धरून ठेवतली. तडकली तरी खाली पडूची ना."

"तन्वीच्या घरी?"

"मगे कोणाच्या? तुझ्या?"

मी खाली बसले. मला राग आला होता आणि तो नेमका कशाचा हे कळत नव्हतं, म्हणून मी आधी सोपं कारण काढलं. तन्वीच्या सासूबाई. त्याही नवरा गेलेल्या, पण तुझ्याहून कडक. वास्तुशांतीला स्वतः पुढे आल्या नाहीत, स्वयंपाकघरात भाजी चिरत बसल्या, आणि तूही त्यांच्या शेजारी जाऊन बसलीस. दोघी विहिणी, एकमेकींशी शब्द नाही, नुसती भेंडी. अशा बाईच्या घरात, नव्या घरात, दर्शनी खिडकीला विधवेच्या बांगड्या टांगायच्या? कळलं तर त्या दुसऱ्या दिवशी दांडीसकट उतरवतील आणि बोलणी तन्वी खाईल.

"कळतलां कसां?" तू म्हणालीस. "मुके खांब घालतंय ना."

"तन्वीला तरी सांग."

"तिका सांगलां तर ती घोवाक सांगतली. घोव आवयक सांगतलो. नको."

"आणि मला विचारलं तर? मी खोटं बोलणार नाही, आताच सांगते."

"तुका विचारतलो कोण?"

मी तेव्हा विचारलं की मुळात हे कशाला. तू सुई थांबवली नाहीस. तू म्हणालीस की तन्वी कॉलेजला म्हापशाला जायची तेव्हा दादा संध्याकाळी खिडकीत उभा राहून रस्ता बघायचा, बस दिसेपर्यंत. तिचं घर त्याने बघितलं नाही. तिच्या खिडकीत त्याचं काहीतरी असू दे.

मी म्हटलं, गेलेली माणसं खिडकीत उभी राहत नाहीत. आणि बांगड्या त्याच्या नव्हत्या, तुझ्या होत्या.

"तेच्याच नावाच्यो ना गो," तू म्हणालीस, आणि दोऱ्याला गाठ मारलीस.

माझं म्हणणं अजून तेच आहे. तन्वीला सांगायला हवं होतं. ती तुझी मुलगी, लहान नाही, तिचं घर. तिच्या डोक्यावर काय टांगलंय हे तिला माहीत असायला हवं. तुझं म्हणणं की माहीत असलं तर ते राहणार नाही. हे भांडण आपण दोघी पुढच्या प्रत्येक भेटीत करत राहिलो, दारावर येणाऱ्या पोदेराचा पाव खाताना, दोरा आणायला जाताना, शेवटी खाटेवर. आपल्यापैकी एकीनेही माघार घेतली नाही. तू फक्त आधी उठून गेलीस.

तुझ्या आजाराबद्दल मी लिहीत नाही. तो तुझा होता, त्यात माझं काही नाही. मला फक्त ती दुपार लिहायची आहे, म्हापशाच्या इस्पितळातली, ज्या दुपारी तू माझी पंचाईत करून ठेवलीस.

क्रोशाची पिशवी तू बरोबर नेली होतीस, मी नको म्हणत असताना. कड्या सगळ्या विणून झाल्या होत्या, तू फास लावत होतीस. मी डबा घेऊन आले तेव्हा तुझ्यात फार बोलायची ताकद नव्हती. तू पिशवीकडे हात केलास. "सुमा, त्यातलां एक वाढलां गो. बघ."

मी बघितलं. कड्यांची एक माळ नाडीत ओवलेली आणि एक कडी वेगळी, तिला लाल दोरा बांधलेला. मी समजले. एक जास्त झाली.

"बरं झालं," मी म्हटलं. "एखादी जास्तीची असलेली बरी."

तू माझ्याकडे बघितलंस. मग हसलीस. मला वाटलं, काम पुरं झालं म्हणून हसतेय. मी ती जास्तीची कडी माझ्या बटणांच्या डब्यात टाकली आणि तुला पेज भरवायला घेतली. तुझं माझ्याबरोबरचं ते शेवटचं हसणं, आणि आता कळतं की ते माझ्यावर होतं.

मग तू गेलीस. बारावं झालं, तेरावं झालं. थोडे दिवस गेल्यावर तन्वीचा फोन आला. "आते, आईचो पडदो लावया गो. ते उघडां जनेल माका बघवना."

म्हणून मी गेले. पडदा, कड्यांची माळ, टोप्या, बोंडांचे पट्टे आणि माझा डबा. मी ठरवलं होतं, विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प. तुझं-माझं भांडण निम्मं निम्मं वाटून घेतलं म्हण. जावई कामावर होता. तन्वी आणि तिच्या सासूबाई घरी. सासूबाईंनी मला चहा दिला, बशा पुसल्या, आणि खिडकीशेजारी कदेल ओढून त्यावर बसल्या. मला वाटलं, लक्ष ठेवायला.

दांडी चढवली. कड्या ओवल्या. मी स्टुलावरून एकेक बटण अडकवत गेले आणि शेवटचं बटण रिकामं राहिलं. बटणं मी मोजमापाने लावली होती, त्यात चूक नाही, माझ्या मापात चूक नसते. तेव्हा मला डब्यातली कडी आठवली. म्हटलं, बघ, जास्तीची असलेली बरी, आणि तन्वीला काढून दे म्हटलं.

तिने ती बटणांतून शोधून काढली, लाल दोरा सोडला आणि फास सरळ करायला बोटांनी दाबली. आतून आवाज आला. कुर्रर्र.

"आते, हेच्यात काय आसा?"

मी स्टुलावरच. मला त्याच क्षणी सगळं कळलं, आणि वहिनी, मला तुझा इतका राग आला की मी मोठ्याने "शी!" म्हटलं. दोघी दचकल्या.

वाढलां. काकण फुटलं असं आपल्याकडे म्हणत नाहीत. ज्याच्या नावाची बांगडी त्याला लागू नये म्हणून, ती फुटली तरी वाढली म्हणायचं. आई म्हणायची, आजी म्हणायची, मीही म्हणते, माझा नवरा जिवंत आहे. पण तू? दादा जाऊन किती काळ लोटला, आता कुणाला काय लागणार होतं? तुला सरळ 'फुटलां' म्हणता येत होतं. तुला तो शब्द चुकवायचं काही कारणच उरलं नव्हतं, म्हणून तो अर्थ माझ्या डोक्यातच आला नाही. शिवाय मी कडीचा विचार करत होते. आपल्या बोलीत कडी 'वाढली' होते आणि काकण 'वाढलां'. तू 'वाढलां' म्हणालीस. ऐकलं असतं नीट तर तेवढ्यावरूनही कळलं असतं. पण इस्पितळात, पेजेचा डबा हातात घेऊन, व्याकरण कोण तपासतं?

पिशवी पडली असेल खाटेवरून. तू कडी बाजूला बांधून ठेवलीस, मला दाखवलीस, दुरुस्त करायला किंवा निदान सांभाळून न्यायला. आणि मी म्हटलं, बरं झालं. दादाच्या नावाचं काकण फुटलं आणि मी तुला तोंडावर बरं झालं म्हटलं. तू हसलीस ते बरोबर होतं. मीही हसले असते.

"आते?" तन्वी म्हणाली.

विचारलं. तिने विचारलं होतं. मी स्टुलावरून खाली उतरले आणि सांगितलं. सगळ्या कड्यांत काय आहे, कुठल्या आहेत, तुला काय वाटत होतं. खिडकी, बस, दादा. थोडक्यात सांगितलं, मला लांबवता येत नाही. तन्वी ती कुरकुरणारी कडी हातात घेऊन भिंतीला टेकली आणि रडायला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी सासूबाईंकडे बघत होते. आता उतरवायला सांगतील, आणि मला कापड खाली पडायच्या आत धरावं लागेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात.

त्या कदेलवरून उठल्या. दांडीखाली आल्या. उंच नाहीत, हात पुरत नव्हता, तर टाचा उंचावून त्यांनी एका कडीला बोट लावलं.

"त्या दिवशी फोडूंक ना?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"काकणां कशी काढली?"

"साबण लावून."

"साबण कोणे दिलो?"

"मी."

यावर आपण दोघी कधीच बोललो नाही, वहिनी. म्हणून आता लिहिते. त्या दिवशी दादाला सोप्यात ठेवलं होतं आणि वाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या तुला घेऊन मागच्या दारी आल्या. एकीने पाट्याचा वरवंटा उचलला होता. तुझे हात रडून, की कशाने कोण जाणे, सुजलेले, आणि बांगड्या मनगटावर रुतलेल्या. मला दिसलं की यांनी त्यावर दगड मारला तर तुझं मनगट फुटेल. दुसरं काही मला सुचलं नाही. माझा भाऊ आत पडला होता, मला विचार करायची सवड नव्हती. मी न्हाणीघरातून साबणाची वडी आणली, तुझे हात बालदीत बुचकळले आणि एकेक बांगडी सरकवून काढली. म्हातारी म्हणाली, "असां नसता गो, फोडूची लागतात." मी म्हटलं, "काचा कोण झाडणार? तू?"  तू सगळ्या बांगड्या ओल्या हातात घेऊन तशीच उभी राहिलीस. मी वडी जागेवर ठेवायला गेले. परत आले तेव्हा तुझ्या हातात काही नव्हतं.

तू आभार मानले नाहीस. मलाही ते मानण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मला तर वाटलं, चला, अंगणात काचा झाल्या नाहीत.

हे सगळं मी विहिणबाईंना सांगितलं नाही. मी फक्त "मी" म्हटलं.

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर काही नव्हतं, एक टेम्पो उभा होता. मग त्या म्हणाल्या, "माका कोणी साबण दिलो ना."

तन्वीचं रडणं थांबलं. सासूला तसं बोलताना तिने कधी ऐकलं नसावं. मी परत स्टुलावर चढले आणि तन्वीकडे हात पसरला. तिने फुटलेली कडी माझ्या हातात दिली. तू म्हणाली होतीस ते खरं, काच सुताने धरून ठेवली आहे, एक कणसुद्धा बाहेर आलेला नाही. ती मी इतर कड्यांच्या पुढे टोकाला ओवली, फास बटणात घातला. कोपरा वर आला.

दांडीच्या टोप्या विहिणबाईंनी बसवल्या. स्टुलावर चढून. मी धरते म्हटलं तर म्हणाल्या, "सोड गो, माका जमता."

पडदा सरकत नाही. मेण लावलं तरी नाही. काचेच्या बांगड्यांचा काठ गोल नसतो, वर सुताची जाडी. मी तन्वीला सांगितलं की उघडायचा झाला तर मधून धरून हळू ने, खेचू नकोस. ती म्हणाली, "असूं दी आते, उघडोच ठेवतंय." तुझीच लेक.

मी निघाले तेव्हा विहिणबाई दारापर्यंत आल्या. त्यांच्या खोलीच्या जनेलाला पडदा नाही म्हणाल्या. कापड कुठलंही चालेल. मी म्हटलं, शिवून देते, माप सांगा. त्या म्हणाल्या, कड्या अशाच हव्यात.

"प्लास्टिकच्या घालते," मी म्हटलं. "सरकतात तरी."

"काचेच्यो. हिरव्यो."

"फुटतील."

"फुटूं दी. नव्यो हाडून दितंय, तू घाल."

कुणाच्या नावाच्या, हे मी विचारलं नाही. त्यांनी पदर सारखा केला आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजाराबद्दल बोलायला लागल्या.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मी काय कबूल करून आले. शिवेन मी. पण विणणार कोण? पार्सेच्या घरून आणलेल्या तुझ्या पिशवीत सुया आहेत, दोरा आहे, अर्धं राहिलेलं एक बोंड आहे, आणि ते सगळं माझ्या मांडीवर आता. साखळी मला जमते, ती कुणालाही जमते. पुढचा टाका जमत नाही. सुई आत घालते, दोरा ओढते, एक फास सुटतो आणि सगळं उसवतं. तन्वीने मोबाईलवर कुठल्याशा बाईचा व्हिडिओ पाठवला, ती डावखुरी निघाली. पहिल्या बांगडीवर मी जे केलंय ते कडीसारखं दिसत नाही, जखमेला पट्टी बांधल्यासारखं दिसतं. नवऱ्याने विचारलं, कोणाक लागलां?

इतकी वर्षं तू माझ्यासमोर बसून हेच करत होतीस आणि मी एकदाही वाकून बघितलं नाही, कारण ते तुझं काम होतं आणि तू असणारच होतीस. तू असतीस तर मला एका बैठकीत शिकवलं असतंस, आणि पुढचं वर्षभर ऐकवलं असतंस.

ऐकून घेतलं असतं मी.